टक्केवारीचा छेद जाहीर व्हावा

प्रति,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

महोदय,

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कपासून चाकणच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या पट्ट्यात प्रशिक्षणाचे यश बहुधा प्लेसमेंटच्या टक्केवारीने सांगितले जाते. परंतु ती टक्केवारी खासगी क्लासच्या फलकावर असो वा शासकीय योजनेच्या माहितीपत्रकात, ती कशाला भागून आली हे तिच्याशेजारी क्वचितच लिहिलेले असते. कामाला लागलेल्यांची संख्या हा तिचा अंश आणि ज्यांच्यापैकी ते लागले त्या सर्वांची संख्या हा तिचा छेद असतो. छेद लहान केला की एकाही तरुणाला नवे काम न मिळता यश मोठे दिसू लागते.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या 2015 ते 2022 या काळाची तपासणी करणारा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानुसार अल्पमुदतीचे प्रशिक्षण आणि विशेष प्रकल्प यांतील 56.14 लाख प्रमाणपत्रधारकांपैकी 23.18 लाख, म्हणजे 41 टक्के, कामाला लागले. योजनेतील सर्व, सुमारे 1 कोटी 10 लाख प्रमाणपत्रधारकांचा छेद घेतला तर हेच प्रमाण 21 टक्क्यांच्या आसपास येते. दोन्ही भागाकार अचूक आहेत. फरक पडतो तो ‘पूर्वकौशल्य मान्यता’ या घटकामुळे, ज्यात आधीपासून काम येणाऱ्या व्यक्तीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. अशा व्यक्ती ‘प्रशिक्षित’ म्हणून एकूण संख्येत मोजायच्या आणि रोजगाराचे प्रमाण काढताना वगळायच्या, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचणाऱ्याची दिशाभूल होणारच. त्याहून चिंताजनक बाब अशी की, योजनेच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील 95,90,801 सहभागींपैकी 94.53 टक्के व्यक्तींच्या बँक खात्याचा रकाना रिकामा, शून्यांनी भरलेला किंवा निरर्थक आढळला. ज्या नोंदींवरून माणसापर्यंत पोहोचता येत नाही, त्या नोंदींवरून त्याचे पुढे काय झाले हे तरी कसे ठरवावे?

दुसरा प्रश्न मुदतीचा आहे. कौशल्य योजनांसाठीच्या 2015 च्या केंद्रीय समान निकषांनी प्रशिक्षण संपल्यापासून तीन महिन्यांत किमान 70 टक्के उमेदवार कामाला लागावेत अशी अपेक्षा ठेवली आणि संस्थेच्या देयकाचा शेवटचा 20 टक्के हप्ता या निष्पत्तीशी जोडला. कंत्राटी कामगाराला काही महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत चाकण-भोसरीत सर्वांच्या परिचयाची आहे. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात ‘कामावर’ असलेला तरुण वर्ष संपताना घरी बसलेला असू शकतो, आणि तरीही संस्थेच्या खात्यात तो यशस्वी उमेदवार म्हणूनच राहतो.

तिसरा दोष सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी 1978 मध्ये अमेरिकेतील प्रशिक्षणार्थींच्या कमाईचा अभ्यास करून दाखवले की, माणसे प्रशिक्षणाकडे वळतात त्याच्या अगदी आधी त्यांची कमाई घसरलेली असते; म्हणून केवळ आधीची आणि नंतरची मिळकत ताडून पाहिली, तर जी वाढ परिस्थिती सावरल्यामुळे आपोआप झाली असती तीही प्रशिक्षणाच्या नावावर जमा होते. वाहन उद्योगाच्या चढउतारावर जगणाऱ्या या पट्ट्यात ही चूक विशेष सहज घडते: मंदीत काम सुटलेल्या फिटरला तेजी परतताच काम मिळते, आणि त्याचे श्रेय मधल्या काळातील अभ्यासक्रमाला जाते. खरा परिणाम कळण्यासाठी तुलनागट, म्हणजे त्याच वयाच्या, त्याच शिक्षणाच्या, परंतु प्रशिक्षण न घेतलेल्या तरुणांचा गट, शेजारी ठेवावा लागतो.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या चौथ्या टप्प्यात प्लेसमेंटचा मागोवा घेणेच थांबले, ही गोष्ट या दोषांवरचा उपाय मानता येत नाही. राज्याच्या हाती मात्र बरेच आहे. 2024 पासूनच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 6,000 ते 10,000 रुपये मासिक विद्यावेतन मिळते. ते घेणारा तरुण शिकाऊ आहे, त्याला नोकरदारांत मोजू नये. विभागाने प्रत्येक योजनेसाठी आणि प्रत्येक संस्थेसाठी दाखल झालेले, मध्येच सोडून गेलेले, प्रमाणपत्र मिळालेले, तीन महिन्यांनी कामावर असलेले आणि बारा महिन्यांनंतरही भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दिसणारे यांच्या संख्या, व्यक्तींची ओळख गुप्त ठेवून, तालुकावार जाहीर कराव्यात, आणि त्याची सुरुवात मुळशी, हवेली व खेड या तालुक्यांपासून करावी, ही विनंती.