वचनाचा अधिकार आणि दृक्प्रत्यय

खोपटच्या एस. टी. स्थानकात बसची वाट पाहत उभा असताना गेल्या पावसाळ्यात एक वाद कानी पडला. वाद घालणारे दोघेही माझेच विद्यार्थी होते. त्यांपैकी एक वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबातला. त्याचे म्हणणे असे की, ‘उत्पत्ती’च्या पहिल्याच अध्यायात परमेश्वराने प्रत्येक प्राणी आपापल्या जातीप्रमाणे निर्माण केला असे सांगितले आहे, तेव्हा एका जातीतून दुसरी जात उत्पन्न झाली हे डार्विनचे मत खोटे ठरते. दुसऱ्याला डार्विन मान्य होता, पण त्याचे कारण वेगळे होते. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हा अवतारांचा क्रम पाहिला की डार्विनने सांगितले ते आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते हे दिसते, असे तो सांगत होता. दोघांनी माझ्याकडे वळून विचारले, “सर, तुम्हीच सांगा, कोणाचे बरोबर?” तेवढ्यात बस लागली. “मी अर्थशास्त्र शिकवतो,” असे म्हणून मी सुटका करून घेतली. शिक्षकाला न शोभणारे असे ते उत्तर होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

वरवर पाहता हे दोन विद्यार्थी परस्परांचे विरोधक होते. एक विज्ञानाचा सिद्धांत नाकारीत होता, दुसरा स्वीकारीत होता. परंतु दोघांचा नियम एकच होता. निसर्गात काय घडले याचा निकाल ग्रंथात काय लिहिले आहे यावरून लावायचा, हा तो नियम. ज्याला डार्विन मान्य होता त्यालादेखील तो जीवाश्मांच्या किंवा शरीररचनेच्या पुराव्यामुळे मान्य नव्हता. पुराणाशी जुळतो म्हणून मान्य होता. उद्या एखाद्याने दुसरे वचन दाखवले तर हा विद्यार्थी डार्विनला सोडून देईल. मला खरी काळजी वाटते ती याच विद्यार्थ्याची, कारण आपण विज्ञानाच्या बाजूने आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

जुनाच वाद, जुनीच रीत

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. १८३१ साली मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांच्यात जाहीर वादविवाद झाला. त्यानंतर मोरभट्टांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली आणि विल्सन यांनी तिला उत्तर दिले. मेरुपर्वत, सात समुद्र, पृथ्वीचा आधार यांविषयीची पौराणिक वर्णने भूगोलाच्या कसोटीला उतरत नाहीत, हे त्या काळच्या मिशनरी लेखनातले नेहमीचे हत्यार होते. हत्यार खरे होते. पण ते एकाच दिशेने चालवले जात होते. जी कसोटी पुराणांना लावायची तीच बायबलमधील सृष्टिवर्णनाला लावण्याची तयारी नव्हती.

पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे मिशनऱ्यांशी वाद रंगले. विष्णुबुवांचा माझा पहिला परिचय अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून झाला. १८६७ सालच्या त्यांच्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त जमीन आणि उत्पन्न सर्वांच्या मालकीचे असावे असा विचार मांडलेला आहे. कस्टम खात्यातली नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला गेलेल्या माणसाने असे लिहावे, याचे आजही आश्चर्य वाटते. किनाऱ्यावरच्या वादात त्यांनी बायबलमधल्या विसंगतींवर नेमके बोट ठेवले. परंतु त्यांचीही कसोटी परग्रंथापुरतीच होती. १८५९ च्या ‘वेदोक्त धर्मप्रकाशा’त त्यांनी वेदांना सर्व ज्ञानाचे मूळ मानले. दोन्ही बाजूंचे बुद्धिमान लोक दुसऱ्याच्या ग्रंथाबाबत चिकित्सक आणि स्वतःच्या ग्रंथाबाबत भाविक होते. आज दोनशे वर्षे होत आली, तरी आपल्या वादांची रीत फारशी पालटलेली नाही.

आकाश पाहणारे

याच भूमीत दुसरीही एक परंपरा होती, आणि तिचे स्मरण अधिक महत्त्वाचे आहे. कोकणातल्या नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रह प्रत्यक्ष पाहून ग्रंथातले गणित तपासत होते. गणिताने येणारे स्थान आणि आकाशात दिसणारे स्थान यांत अंतर पडते, हे त्यांनी नोंदवून ठेवले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे इ. स. १५२० हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचले. कोणत्याही एका सिद्धांतग्रंथाला शरण न जाता, ज्या ग्रहाचे गणित ज्या पक्षाप्रमाणे आकाशाशी जुळले, तो पक्ष त्या ग्रहापुरता त्यांनी घेतला. जे डोळ्यांना पटते त्याला आपल्या ज्योतिषात ‘दृक्प्रत्यय’ असा सुंदर शब्द आहे.

पुढे ग्रहलाघव स्वतःच प्रमाणग्रंथ होऊन बसले. तीनशे वर्षांत त्याच्याही गणितात अंतर साठत गेले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक कोष्टकांच्या आधारे १८६५ पासून नवे पंचांग काढले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. धर्मकृत्यांना जुन्याच ग्रंथाचे गणित हवे, असा आग्रह धरणारे पुष्कळ होते. छत्र्यांनी मात्र केले ते गणेश दैवज्ञांनीच केलेले काम. पुढे लोकमान्य टिळकांनीही दृक्प्रत्ययी पंचांगाचाच पुरस्कार केला. गणेश दैवज्ञांचा खरा वारस कोण? त्यांचा ग्रंथ पाठ म्हणणारा, की त्यांच्याप्रमाणे आकाश पाहणारा? परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न स्वतःला विचारावा.

छत्र्यांच्याही आधी, १८३६ साली, सुबाजी बापूंनी मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहून वाचकाला पौराणिक भूगोलाकडून भास्कराचार्यांकडे आणि तिथून कोपर्निकसकडे नेले. लागलीच दुसऱ्या वर्षी पुराणे आणि सिद्धांत यांत मुळी विरोधच नाही असे दाखवणारा ‘अविरोधप्रकाश’ प्रसिद्ध झाला. ग्रंथ आणि प्रत्यक्ष यांत विसंगती दिसताच अर्थ ताणून ती मिटवायची, ही खटपट किती जुनी आहे हे त्यावरून कळते.

देव मानणारा वैज्ञानिक

युरोपात हाच संघर्ष अधिक कठोर झाला. यहोशवाच्या आज्ञेने सूर्य आकाशात थांबला अशी कथा बायबलमध्ये आहे. सूर्य थांबला, त्या अर्थी तो आधी फिरत असला पाहिजे, असा युक्तिवाद कोपर्निकसच्या मताविरुद्ध होत असे. १६१५ साली गॅलिलिओने लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात याला उत्तर आहे. धर्मग्रंथाचा हेतू माणसाला तारणाचा मार्ग दाखवण्याचा आहे, ग्रहांच्या गती शिकवण्याचा नाही, असा त्याचा आशय. ख्रिस्ती माणसाने आकाशाविषयी अज्ञानाने बोलून आपल्याच ग्रंथाला हास्यास्पद करू नये, ही संत ऑगस्टीनची सूचनाही त्याने आधाराला घेतली होती. तरीही १६३३ साली त्याला शिक्षा झाली, आणि त्या प्रकरणात चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी मान्य करण्यास १९९२ साल उजाडावे लागले.

माझ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला मात्र मी याहून वेगळी गोष्ट सांगेन. विश्व प्रसरण पावत आहे हा विचार मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी, आधुनिक विज्ञानाने विश्वाच्या निर्मितीची साक्ष दिली आहे, अशा अर्थाचे भाषण केले. लमेत्रला खरे म्हणजे आनंद व्हायला हवा होता. त्याला झाली ती चिंता. वैज्ञानिक सिद्धांत उद्या बदलू शकतो. त्याच्यावर श्रद्धेचा पाया घालणे दोघांनाही घातक आहे, ही त्याची भूमिका होती. प्रतिकूल पुरावा नाकारू नये हे पुष्कळांना समजते. अनुकूल दिसणारा पुरावाही धर्माच्या पदरात टाकू नये, हे समजायला लमेत्रसारखे मन लागते. दशावतारात डार्विन शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही हीच गोष्ट ऐकवली पाहिजे.

वचन कोठे चालते?

याचा अर्थ वचन उद्धृत करणे सर्वत्र त्याज्य आहे असा नाही. कचेरीत काम करणारा कारकून शासननिर्णयाचा क्रमांक आणि कलम दाखवतो आणि वाद मिटतो. ते योग्यच आहे. नियम माणसांनी शब्दांत केलेला असतो, म्हणून शब्दच तिथे प्रमाण. न्यायालयातही तेच. भाविक माणूस दुःखाच्या प्रसंगी बायबलचे स्तोत्र किंवा गीतेचा श्लोक म्हणतो, तेव्हा त्याला जो धीर मिळतो तो खरा असतो. कोणत्याही प्रयोगशाळेने त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. कसे जगावे, कोणाला क्षमा करावी, या प्रश्नांत ग्रंथ आपला जुना सोबती आहे. पण पृथ्वीचे वय किती, रोग कशाने होतो, जीवजाती कशा उत्पन्न झाल्या हे प्रश्न कोणी शब्दांत ठरवून दिलेले नाहीत. तिथे कलम दाखवून भागत नाही. प्रत्यक्षाच्या प्रांतात श्रुतीचे प्रामाण्य चालत नाही, हे शंकराचार्यांनीही गीताभाष्यात स्पष्ट केले आहे.

आणि दोष केवळ धर्मनिष्ठांना का द्यावा? आमच्या परीक्षांत ‘मार्शल यांच्या मते’, ‘रॉबिन्स यांच्या मते’ असे लिहून व्याख्या पाठ उतरवली की गुण मिळतात. व्याख्या खरी का मानावी, हे कोणी विचारत नाही. अॅडम स्मिथच्या ‘अदृश्य हाता’ची पोथी झाली आहे, मार्क्सचीही झाली आहे. केन्सचे नाव घेऊन मी स्वतः वर्गातले अवघड प्रश्न किती वेळा बंद केले, याचा हिशेब केला तर लाज वाटेल. पंधरा वर्षे ‘कोण म्हणाले’ हे घोकून घेतल्यावर सोळाव्या वर्षी विद्यार्थ्याने ‘कशावरून’ असे विचारावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

वचनामागची भीती

वचन फेकणाऱ्याला केवळ अडाणी ठरवूनही चालणार नाही. १९२५ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातील डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. फिर्यादीच्या बाजूने उभे होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. बचावाचे वकील डॅरो यांनी त्यांनाच साक्षीला बोलावून बायबलवरून उलटतपासणी केली, आणि जगभर ब्रायन यांचे हसे झाले. परंतु हेच ब्रायन १८९६ साली सुवर्णचलनाविरुद्ध कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू मांडणारे नेते होते. डार्विनच्या नावाने दुर्बलांना तुडवण्याचे समर्थन होते, ही त्यांची भीती होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. त्यांची चूक एवढीच की, नैतिक प्रश्नाचे उत्तर त्यांनी जीवशास्त्र नाकारून दिले. माणूस प्राण्यांतून उत्क्रांत झाला म्हणून दुबळ्याला तुडवणे योग्य ठरत नाही, आणि तुडवणे अयोग्य आहे म्हणून उत्क्रांती खोटी ठरत नाही. बसथांब्यावरचा तो विद्यार्थीही बहुधा माणसाच्या प्रतिष्ठेसाठीच भांडत होता. त्याची काळजी रास्त होती. त्याने बोलावलेला साक्षीदार चुकीचा होता.

प्रश्न केवळ बसथांब्यापुरता राहिला असता तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना पाहिला असे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले वा सांगितलेले नाही, हे त्यांचे कारण होते. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींना त्यावर संयुक्त निवेदन काढावे लागले. ग्रंथात आहे म्हणून खरे, याच्या पुढची ही पायरी: ग्रंथात नाही म्हणून खोटे. २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी दशावताराला डार्विनपेक्षा सरस ठरवले. आणि २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेल्याचे दिसताच अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी जाहीर पत्राने निषेध केला. अभ्यासाचा भार हलका करण्यासाठी हे केले, असे कारण देण्यात आले. पण दहावीनंतर जो विद्यार्थी वाणिज्य किंवा कला शाखेकडे वळतो, त्याला उत्क्रांती शाळेत पुन्हा भेटतच नाही. माझ्या वर्गात येणारी मुले नेमकी हीच. वैज्ञानिक दृष्टी अंगी बाणवणे हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमान्वये १९७६ पासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते कर्तव्य त्यांनी कशाच्या बळावर पार पाडायचे?

ठाण्यात मासुंदा तलावाच्या काठी कोपिनेश्वराचे देऊळ आहे आणि जवळच सेंट जॉन द बाप्टिस्टचे चर्चही. दोन्हीकडे लोक श्रद्धेने जातात, जावोत. तलावाचे पाणी पिण्यायोग्य आहे का, हे मात्र त्यांतल्या कोणत्याही ग्रंथात पाहून कळायचे नाही. पाणीच तपासावे लागेल. त्या दोन विद्यार्थ्यांना आता मी एवढेच सांगेन: “तुमच्यापैकी कोणाचे वचन खरे, हा प्रश्न बाजूला ठेवा. आपले म्हणणे चुकीचे आहे हे कोणता पुरावा मिळाला तर मान्य कराल, ते आधी एकमेकांना सांगा.” असा पुरावा ज्याला सांगता येईल, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे. हा प्रश्न मी मात्र प्रथम स्वतःला, आणि माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात विचारायला हवा.