वैशाखातील सुटी गावाच्या अंगणात : नागपूर जिल्ह्यातील नागरिकांना व ग्रामपंचायतींना जाहीर आवाहन

विदर्भातील शाळांची उन्हाळी सुटी राज्याच्या इतर भागांपेक्षा लांबते. इतरत्र १५ जूनच्या सुमारास वर्ग भरू लागतात, तेव्हा नागपूरकडील मुले उन्हामुळे महिनाअखेरची वाट पाहत घरीच असतात. या लांब सुटीचा मोठा भाग कूलरच्या झोतात आणि मोबाइलच्या पडद्यापुढे जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत जिल्ह्याच्या ग्रामीण व वनालगतच्या पट्ट्यात पाहण्या-ऐकण्यासारखे पुष्कळ असते. म्हणून शहरातील कुटुंबांनी सुटीतील निदान एक मुक्काम रामटेक, पारशिवनी, उमरेड, भिवापूर अशा तालुक्यांतील एखाद्या गावी करावा आणि तेथील ग्रामपंचायतींनी कला, निसर्ग व कुटुंबमेळा यांची सांगड घालणारे साधे कार्यक्रम योजावेत, असे आवाहन करण्यात येत आहे. अशा कार्यक्रमात गाव यजमान असावे. शहरातून आलेल्या मंडपाचा व ध्वनिक्षेपकाचा ते केवळ प्रेक्षक असू नये.

पहिली अट वेळेची आहे. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांवर गेले होते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे नवलाचे नाही. त्यामुळे सकाळी दहानंतर सायंकाळी साडेपाचपर्यंत उघड्यावर कोणताही कार्यक्रम ठेवू नये, मग उद्घाटनासाठी येणाऱ्या पाहुण्यांची सोय कितीही दुपारची असो. वैशाखात गाव खऱ्या अर्थाने जागे असते ते पहाटे आणि रात्री, आणि कार्यक्रमपत्रिकाही त्याच घड्याळाने आखावी.

तिथींचा व तारखांचा आधार आयता आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी झाला आणि तो दिवस श्रीगुरुदेव सेवा मंडळाची गावे ग्रामजयंती म्हणून, म्हणजे व्यक्तीपेक्षा गावाचा वाढदिवस म्हणून, साजरा करतात; ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीच्या ठेक्यावरील भजन ही त्याची ठरलेली अंगे असून शहरातील मुलांना हाती झाडू घेऊन त्यात सामील होता येते. पुढे येणारी वैशाख पौर्णिमा, अर्थात बुद्धपौर्णिमा, ही मचाणाची रात्र होय. पानगळीने विरळ झालेल्या रानात वन्यप्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात आणि चांदण्यात दिसतात, या साध्या कारणाने त्या रात्री पूर्वी प्राणीगणना होत असे. आता वाघांची मोजदाद कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या यंत्रांच्या, साहाय्याने होत असल्यामुळे मचाणावरची रात्र निसर्गानुभव एवढ्याच हेतूने उरली आहे. वन विभागाकडे नोंदणी केल्याशिवाय तेथे जाता येत नाही, आणि रात्रभर निःशब्द बसणे लहान मुलांना जमणारेही नाही.

लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी त्यानंतरची अमावास्या अधिक सोयीची. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. कृत्रिम उजेडाने विटाळलेले नाही असे रात्रीचे आकाश जेथे जाणीवपूर्वक राखले जाते, ते हे क्षेत्र. त्यासाठी सिल्लारी, पिपरिया, खापा या परिसरातील गावांमधील दिवे बदलून त्यांचा उजेड वर न फाकता जमिनीकडेच पडेल अशी व्यवस्था करण्यात आली. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. गोंड परंपरेत त्यांतील चौकोनाचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन तारे म्हणजे ती खाट पळवायला निघालेले चोर. दुर्बीण असो वा नसो, ही कथा गावातील एखाद्या जाणत्या आजोबांकडूनच सांगवावी आणि मुलांना ते चोर बोटाने दाखवायला लावावेत.

कलेच्या बाबतीत दूर जाण्याचे कारणच नाही. नागपूर, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत रुजलेली खडी गंमत ही उभ्याने सादर होणारी लोककला आहे. शाहीर, स्त्रीवेषातील नाच्या, झील धरणारे साथीदार, डफ, ढोलकी आणि तुणतुणे एवढ्यावर ती रंगते, आणि तिला रंगमंच लागत नाही. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगाव भरणाऱ्या जत्रांच्या, हंगामात या कलावंतांना मागणी असते. उन्हाळ्यात मात्र ते मोकळे असतात. त्यांना सन्मानचिन्हाऐवजी आधी ठरवलेले मानधन रोख द्यावे, कारण नारळ व शाल यांवर कोणाचीही चूल पेटत नाही.

पहाट घरातील कामांची. पाटाचे एक टोक उंचावर टेकवून बाई त्यावर बसते, कणकेची वळी तळव्याने लांबवत उतारावरून खाली सोडते आणि खाली बसलेली मुलगी शेवयांचे ते तंतू तुटू न देता झेलून दोरीवर वाळत टाकते. पाहुण्या मुलांकडे निदान कावळे हाकलण्याचे काम तरी द्यावेच. जेवणात ज्वारीची आंबील व कैरीचे पन्हे असावे आणि त्याचे पैसे थेट स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाला मिळावेत.

एक गोष्ट निक्षून सांगणे आवश्यक आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची सवय हे वणव्याचे एक मोठे कारण आहे. गावकऱ्यांनी तो पाचोळा झाडून बाजूला करावा, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही ‘कॅम्पफायर’चा हट्ट धरणाऱ्या पाहुण्यांनी तो हट्ट शहरातच ठेवून यावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवणे हा तर कायदाच आहे.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनी प्रत्येक गावात ग्रामसभा भरते. ग्रामपंचायतींनी त्या सभेपुढे कार्यक्रमाचा विषय ठेवावा, मुक्कामाची घरे, दर व स्वच्छतागृहांची सोय तेथेच ठरवावी, आणि नागरिकांनी येण्यापूर्वी ग्रामपंचायतीला कळवून आपले पाण्याचे भांडे व अंथरूण सोबत आणावे.