वर्गणीतला खेळ आणि त्याचे मोल

दुकानातून एखादा व्हिडिओ खेळ विकत आणला, तर त्याची किंमत तुम्ही चटकन सांगाल. पण महिन्याची वर्गणी भरून शेकडो खेळ मिळाले, तर त्यांतल्या एका खेळाची किंमत काय? भागाकार करून उत्तर येईल खरे, पण त्याला फारसा अर्थ असणार नाही.

जून २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने अमेरिकेत ‘एक्सबॉक्स गेम पास’ ही योजना सुरू केली. महिन्याला सुमारे १० डॉलर भरायचे आणि शंभराहून अधिक खेळांतला हवा तो खेळायचा. त्या वेळी एक मोठा नवा खेळ साधारण ६० डॉलरला पडे. २०१८ पासून तर कंपनीचे स्वतःचे नवे खेळही पहिल्याच दिवशी वर्गणीत मिळू लागले. मग ६० डॉलरचा खेळ पाहून मनात येणारच, ‘एवढे पैसे कशाला? येईल की वर्गणीत!’ खेळ तोच, त्यामागची कारागिरांची मेहनतही तीच. बदलली ती आपली मोजपट्टी.

पैसे कसे मोजले, यावर आपले वागणे किती अवलंबून असते? हॅल आर्कस आणि कॅथरिन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात संपूर्ण हंगामाचे तिकीट १५ डॉलरला होते. घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, कोणतीही निवड न करता, २ किंवा ७ डॉलरची सूट दिली. हंगामाच्या पूर्वार्धात पूर्ण पैसे मोजणारांनी अधिक नाटके पाहिली! उत्तरार्धात हा फरक ठळक राहिला नाही. नाटके तीच, खुर्च्याही त्याच.

अर्थशास्त्राच्या हिशेबाने ही चूकच. गेलेले पैसे नाटक पाहिल्याने परत थोडेच येतात? पण मला या चुकीचे थोडे कौतुक वाटते. विकत घेतलेल्या खेळाचा अवघड टप्पा आपण दहादा हरूनही सोडत नाही, आणि अकराव्यांदा त्यातली खुबी कळते. वर्गणीतला खेळ दहा मिनिटांत कंटाळवाणा ठरतो, कारण शेजारीच दुसरा तयार असतो. मात्र वर्गणीला निव्वळ दोष देणे अन्यायाचे होईल. पैसे टाकून कुणी घेतला नसता असा अनोळखी खेळ त्यामुळेच अनेकांच्या हाती पडतो. वाचनालयातही असेच होते, नाही का? शिवाय वर्गणी स्वस्तच राहील, असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच योजनेच्या सर्वांत वरच्या श्रेणीची अमेरिकेतली वर्गणी २० डॉलरवरून ३० डॉलरवर गेली.

ही कल्पना तशी जुनीच. १९९४ मध्ये अमेरिकेत ‘सेगा चॅनेल’ सुरू झाला. केबल टीव्हीच्या तारेतून खेळ घरी येत. महिन्याला सुमारे १५ डॉलर वर्गणी, पन्नासपर्यंत खेळ, आणि यादी दरमहा बदले. खेळ एका जोडयंत्राच्या स्मृतीत उतरे. वीजप्रवाह असेतोवरच माहिती टिकवणारी ती स्मृती. बटण बंद केले की खेळ पुसला जाई! १९९८ मध्ये हा चॅनेल बंद पडला. ‘मेगा मॅन: द वायली वॉर्स’ हा खेळ त्या काळी अमेरिकेत केवळ त्यावरच मिळे. ज्या मुलांनी तो तिथे खेळला, त्यांच्याजवळ त्याचे काहीच उरले नाही. त्याच वर्षांतली विकत घेतलेली कितीतरी कार्ट्रिजे मात्र यंत्रात बसवली की आजही चालतात.