कुलूप लागल्यानंतरचे घर

बीड जिल्ह्याला बंद घराचे अप्रूप नाही. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मग आष्टी-पाटोद्यापासून धारूर-वडवणीपर्यंतच्या गावांत, वाड्यावस्त्यांवर नि तांड्यांवर ओळीने कुलपे दिसू लागतात. घरात उरली तर म्हातारी माणसे उरतात. ही कुलपे पाडव्याच्या आगेमागे, कारखान्यांचे पट्टे पडले की निघतात. अलीकडे याच गावांत दुसऱ्या जातीचे कुलूपही भेटते. वडिलोपार्जित वाडा किंवा चार खणांचे घर गावात असते आणि मालक पुण्यात, दुबईत नाहीतर अमेरिकेत असतो. घर विकायचे नाही, पडू द्यायचे नाही. नीट करून घ्यायचे, दिवाळीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस मुलाबाळांना घेऊन राहायचे, एवढीच त्याची इच्छा असते. युरोपातली माणसे परक्या देशात सुट्टीचे घर घेतात. इथे घर आपल्या जागी आहे आणि मालकच परदेशी गेला आहे. अडचणी मात्र त्याच आहेत. अशी कामे आता आमच्या वाचकांकडे, म्हणजे वास्तुरचनाकार, अभियंते, ठेकेदार आणि मिस्त्री मंडळींकडे येत आहेत. ती करताना आपण एक मूळ चूक करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. मालक ज्या वीस-पंचवीस दिवसांत घरी असतो त्या दिवसांसाठी आपण घर सजवतो, आणि उरलेल्या तीनशे चाळीस दिवसांचा आराखड्यात विचारच नसतो.

दोन्ही कुलपे सारखी दिसली तरी त्यांचे हंगाम उलटे आहेत. ऊसतोड कामगाराचे घर कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, कोरड्या हवेत बंद असते आणि पावसाच्या तोंडावर उघडते. धनी परतल्यावर पहिले काम छप्पर पाहण्याचे करतो. सुट्टीच्या घराचा मालक मे महिन्यात आंबे खाऊन जातो आणि मृगापासून परतीच्या पावसापर्यंत घरात कोणी नसते. म्हणजे घराला माणसाची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेव्हाच ते बंद राहते. बीडचा पाऊस सरासरी ६०० ते ६५० मिलिमीटरच्या आसपास. कोकणाच्या मानाने तो काहीच नाही, म्हणून ‘आपल्याकडे कसली आली गळती’ असे बेफिकिरीने म्हटले जाते. पण मातीच्या घराला पावसाच्या एकूण आकड्याशी देणेघेणे नसते. एका रात्री पन्हाळ तुंबली आणि माळवदावर चार बोटे पाणी साचले, तरी तेवढे पुरे होते.

माळवद ही मुळातच राबती ठेवावी लागणारी वस्तू आहे. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या-पाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, अशी ती रचना. उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर नवी पांढरी टाकून चोपायची, गवत उपटायचे, पन्हाळी मोकळ्या करायच्या. आणि पहिल्या जोराच्या सरीत कोणीतरी वर चढून जिथे भोवरा दिसेल तिथे पायाने माती दाबायची. सवण्यावर, म्हणजे माळवदातल्या उजेडाच्या भोकावर, पाऊस येताच झाकण ओढायचे आणि उघडीप मिळताच ते काढायचे. खाली चूल पेटलेली असे. तिच्या धुराने लाकूड काळे होई, पण किडीपासून बरेचसे वाचे. यातली प्रत्येक गोष्ट राहणाऱ्या माणसाच्या हाताने होत असे आणि तिची नोंद कुठल्याच नकाशात नसे. घर बंद झाले की धूर थांबतो, वारा थांबतो, ओल राहते आणि वाळवी भिंतीतून खांबाच्या तळाशी पोहोचते. जुनी घरे काळाने पडतात असे म्हणतात; त्यातली बरीचशी या रोजच्या चाकरीत खंड पडल्याने पडतात. म्हणून दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात खांबांच्या पायथ्याचे दगड उघडे ठेवणे, तुळईचे भिंतीत शिरलेले टोक तपासणे, दारे बंद असतानाही हवा खेळेल असे जाळीचे झरोके ठेवणे, सवण्यावर उंच टोपी बसवणे ही कामे आधी यायला हवीत. फरशी आणि रंगाचे नंतर बघता येते.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो मिस्त्री मंडळींकडूनच येतो. माळवद काढून टाका, स्लॅब ओता, पंचवीस वर्षे पाहायला नको. आक्षेप बिनबुडाचा नाही. फूटभर मातीचे ओझे दर चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जाते आणि पाच इंची स्लॅबचे ३०० किलोच्या थोडे वर, म्हणजे स्लॅब हलकाच ठरतो. प्रश्न वजनाचा नाही, ते वजन कोण पेलते याचा आहे. खणाच्या घरात भार लाकडी खांब घेतात. दगड-मातीच्या भिंती बऱ्याच अंशी आडोशाच्या असतात. खांब-तुळया काढून स्लॅब त्याच भिंतींवर टेकवला, की बाहेरून दोन फूट जाड दिसणाऱ्या आणि आत नुसती खडी-माती भरलेल्या दुपाखी भिंतीवर सगळा भार येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने या भिंतींचे काय होते ते दाखवले. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता, माणसे मात्र जवळजवळ आठ हजार गेली. दोन पाखांना बांधणारे आरपार दगड नसल्याने भिंती उकलल्या आणि मातीचे छत खाली आले. जिथे लाकडी सांगाडा शाबूत होता तिथे भिंती बाहेर पडूनही छत अनेकदा खांबांवर उभे राहिले, हेही तेव्हाच्या पाहण्यांत नोंदले गेले. त्याच वर्षीच्या आयएस १३८२८ या मानकात आरपार दगड उभ्या दिशेने ६० सेंटिमीटरला आणि आडवे १.२ मीटरला असावेत, असे सांगितले आहे. किल्लारी अंबाजोगाईपासून काही फार लांब नाही. तरीही तीन दशकांनंतर जुन्या भिंतींवर सरळ स्लॅब ओतणारे आपल्यात आहेत. ते ‘मजबुतीकरण’ म्हणून बिलात लावतात, हे तर अधिकच वाईट.

बरे, स्लॅब स्वतंत्र खांबांवर नीट घेतला तरी तो बिनदेखभालीचा होत नाही. इथे बांधकामाचा हंगाम उन्हाळा, म्हणजे विहिरी तळ गाठतात आणि टँकर धावतात तो काळ. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पोझोलाना सिमेंटला मानकाप्रमाणे निदान दहा दिवस पाणी मारले पाहिजे. एप्रिलच्या उन्हात, विकतच्या पाण्यावर ते किती दिवस मारले जाते, हे ठेकेदारांनी आपल्या मनाशी तपासावे. पैसा जेवढा बांधकामाला तेवढाच पाण्याला लागतो असे नाही, पण पाण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवला नाही तर कपात तिथेच होते. शिवाय मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. तिथे चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा हवा.

घर चालवण्याच्या अडचणी त्याहून क्षुल्लक आणि म्हणूनच जास्त छळणाऱ्या असतात. न वापरलेल्या संडासाच्या आणि नहाणीच्या ट्रॅपमधले पाणी उन्हाळ्यात उडून जाते, मग दुर्गंधी आणि झुरळे घरात मुक्कामाला येतात. महिनोन्‌महिने न चाललेली मोटर जाम होते. इन्व्हर्टरची बॅटरी पाण्याअभावी मरते. महावितरणचे बिल वीज वापरली नाही तरी स्थिर आकारापुरते येतच राहते. गच्चीवरच्या टाकीत शेवाळ धरते, भिंतीत पिंपळ उगवतो, वानरे पत्रे हलवून जातात. यातले एकही काम अवघड नाही. पंधरा दिवसांतून तासभर माणूस आला की भागते. पण तो माणूस कोण, हे आराखडा काढतानाच ठरले पाहिजे. मोबाइलवर दिसणारा कॅमेरा बसवून हा प्रश्न सुटतो, असे मालकांना वाटते. कॅमेरा गळती दाखवतो, पन्हाळ मोकळी करत नाही. राखणदाराला घर न उघडता मोटर चालवता यावी, माळवदावर बाहेरूनच चढता यावे, त्याची खोली आणि मोरी स्वतंत्र असावी, हे नियोजन आपले आहे. पुतण्या बघेल, या भरवशावर ते सोडून चालत नाही. पुतण्याही उद्या पुण्याला जाणार असतो.

कागदांचा विषय आपला नाही म्हणून आपण सोडून देतो, आणि काम अर्ध्यावर थांबते तेव्हा नुकसान आपलेच होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. तेव्हा भावांची संमती आहे, एवढ्यावर भिंत पाडू नये. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्तापत्रक मिळू लागले आहे. तुमच्या गावचे झाले असेल तर आधी ते मागावे. मालक परदेशातून मुखत्यारपत्र पाठवणार असेल तर ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे त्याला आठवण करून द्यावे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. ज्या जिल्ह्यातली माणसे निम्मे वर्ष फडावर खोपीत राहतात, तिथे परदेशस्थांच्या हौसेच्या घरांवर संपादकीय कशाला? याला आमचे उत्तर असे, की बंद घराचे शास्त्र एकदा हाताला बसले तर ते फडावर गेलेल्याच्या घरालाही लागू पडते. वाळवी आणि उंदीर मालकाचे उत्पन्न विचारत नाहीत. शिवाय माळवद चोपणारे, चुना मळणारे हात याच गावांत आहेत. त्यांना वर्षाकाठी ठरलेली मजुरी मिळाली तर ती कला टिकेल. घर भाड्याने देऊन खर्च काढू, ही मालकांची आशा मात्र आम्हाला फारशी पटत नाही. परळीला महाशिवरात्रीला आणि अंबाजोगाईला नवरात्रात गर्दी होते, सौताड्याचा आणि कपिलधारचा धबधबा पावसाळ्यात माणसे खेचतो. पण चार गर्दीच्या आठवड्यांवर वर्षाचा राखणदार पोसला जाईल, असा हिशेब आपण कोणाला दाखवू नये. जपानमध्ये २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. तिथे रस्ते आहेत, पर्यटक आहेत, पैसाही आहे. तरी माणूस नसलेले घर सांभाळणे त्यांना जड जाते.

म्हणून कराराबाबत एक सूचना. आज बहुतेक कामे दिवाळीचा मुहूर्त धरून संपवली जातात, वास्तुशांत होते, फोटो निघतात आणि शेवटचा हप्ता चुकता होतो. घराने एकही पावसाळा कुलपाआड काढलेला नसतो. शेवटचे दहा टक्के पुढचा परतीचा पाऊस होऊन गेल्यावर, घर उघडून पाहिल्यावर द्यावेत, आणि वार्षिक देखभालीचा करार त्याच कागदावर असावा. ठेकेदार म्हणतील, वर्षभर पैसे अडकतील. अडकतील, आणि लहान मिस्त्रीला ते परवडणार नाही हेही खरे. त्यासाठी ती रक्कम मालकाने तिऱ्हाइताकडे आधीच ठेवावी आणि ठेकेदाराने तेवढ्याने दर वाढवून मागण्यात संकोच करू नये. मात्र त्या वर्षात मृगाच्या पहिल्या सरीला माळवदावर चढण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील, हे करारात स्पष्ट लिहावे.