ओसरीवरून : बिदरचें विमानक्षेत्र

गेल्या श्रावणांत आमच्या उदगीरच्या घरीं एक लहानसा वाद झाला. नांदेडास बारावींत शिकणारी माझी नात सुटीला आली होती. जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मला वायुदलांत जावयाचें आहे. लढाऊ विमान चालवावयाचें आहे." तोंच घरावरून एक विमान गर्जत गेलें. माझ्या मातोश्री आतां अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनीं जपमाळ थांबविली व म्हणाल्या, "बिदरचें असेल. त्या जागेचें नांव या घरांत काढूं नका."

नातीला बिदर म्हणजे विद्यालय. पणजीला बिदर म्हणजे भय. दोघींचेंही खरें कसें, हें सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. तेंच आज वाचकांस सांगतों.

बिदर आम्हांस परकें नाहीं. १९५६ पर्यंत उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यांतच होते. पुढें ते उस्मानाबाद जिल्ह्यांत आले आणि १९८२ मध्यें लातूर जिल्हा निराळा झाला. बिदर शहर सुमारें २,२०० फूट उंचीच्या, जांभ्या दगडाच्या पठारावर वसलें आहे. विमानास धांवण्याला अशी सपाट व उंच भूमि सोयीची. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या सुमारास, तेथें धांवपट्टी झाली.

महायुद्ध संपलें, पण धांवपट्टी राहिली, आणि १९४८ मध्यें ती भलत्याच कामीं आली. हैदराबादच्या निजामास भारतांत विलीन व्हावयाचें नव्हतें. सरहद्दीवर नाकेबंदी असल्यामुळें त्यास शस्त्रें मिळत ना. तेव्हां सिडने कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक पुढें आला. लँकॅस्ट्रियन जातीचीं मोठीं विमानें घेऊन तो कराचीहून रात्रीं निघे व बिदर, वरंगळ अशा ठिकाणीं शस्त्रास्त्रें उतरवी. पुढें इंग्लंडांत त्याच्यावर खटला झाला. शिक्षा काय, तर २०० पौंड दंड!

मातोश्री त्या वेळीं दहा वर्षांच्या होत्या. रात्रीं आकाशांत घरघर ऐकूं आली कीं त्यांचे आजोबा दिवा मालवीत व मुलींना माजघरांत नेत. विमानांतून काय उतरतें, हें खेड्यांतल्या माणसांस कोण सांगणार? परंतु रझाकारांचा जाच रोजचा होता, आणि नव्या बंदुका कोणाच्या हातीं पडणार, हें सर्वांस कळत होतें. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सेना सोलापुराकडून नळदुर्गच्या रस्त्यानें आंत शिरली. वर भारतीय वायुदलाचीं टेंपेस्ट विमानें होतीं. १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली.

तेंच क्षेत्र १९६० नंतरच्या दशकांत वायुदलाच्या शिक्षणाचें केंद्र बनलें. १९९६ मध्यें 'सूर्यकिरण' हें कसरतीचें पथक तेथेंच जन्मास आलें. २००८ मध्यें हॉक विमानें आलीं. त्यांचें प्रयोजन समजण्यासारखें आहे. नवशिक्यास संथ विमानावरून एकदम अतिवेगवान विमानावर बसविणें म्हणजे मुळाक्षरें संपतांच हातीं 'कादंबरी' देणें होय. मधली पायरी नसल्यानें अपघात वाढत. हॉक ही ती पायरी आहे. २०१६ मध्यें अवनी चतुर्वेदी, भावना कांत व मोहना सिंग या पहिल्या तीन स्त्रिया लढाऊ विमानांच्या वैमानिक म्हणून वायुदलांत दाखल झाल्या. त्यांनींही हॉकचें शिक्षण बिदरलाच घेतलें.

हें ऐकून नात हंसली नाहीं, याचें मला समाधान वाटलें. ती पणजीजवळ जाऊन बसली व दिवा मालवण्याची गोष्ट तिनें पुन्हा विचारून घेतली. घरांतील वृद्धांचें भय आपण अडाणीपणा म्हणून उडवून लावतों. पण भयालाही सनावळी असते. ती शोधून मुलांस सांगितली पाहिजे, आणि जागा बदलली असेल तर तेंही वृद्धांस तितक्याच आदरानें सांगितलें पाहिजे. धांवपट्टीला स्वतःचा धर्म नसतो. तिच्यावरून कोण, कशासाठीं उडतो, यावर तिचें पुण्यपाप ठरतें.

मातोश्रींनीं अजून संमति दिलेली नाहीं. लढाऊ विमान म्हणजे जिवाचा खेळ, हें त्या जाणतात, आणि त्यांचें चुकतें असें मी म्हणणार नाहीं. मात्र हल्लीं विमान गेलें कीं त्या जपमाळ थांबवून मला विचारतात, "हें शिकणाऱ्या मुलांचेंच ना रे?"