मध्यरेखेवरची रात्र

भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ ग्रंथात लंकेपासून उज्जयिनीमार्गे मेरूपर्यंतच्या मध्यरेखेवरची जी गावे सांगितली आहेत, त्यांत वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम आहे. आज शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकार घेते आहे. तिच्या दोन्ही भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. मात्र हा खर्च पुरता सार्थकी लागायचा असेल, तर तिच्या जोडीला दुर्बिणी आणि त्या चालवणारी माणसेही आत्तापासूनच तयार करायला हवीत.

याचे कारण अशा लहरींसोबत येऊ शकणाऱ्या गॅमा किरण स्फोटांच्या स्वभावात आहे. मूळ स्फोट काही सेकंदांत संपतो. पण त्यातून सुटलेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो आणि तिथे वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत प्रकाश देत राहतात. ही मागे उरणारी दीप्ती प्रथम १९९७ मध्ये सापडली आणि हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर घडतात हे तिच्यामुळेच सिद्ध झाले. क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी मिळून तिची गोष्ट पुरी होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ११ मिनिटांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या लहरी पोहोचल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. आकाशातला तो भाग तेव्हा आपल्या पश्चिमेला होता. जागेचा नेमका नकाशा हाती आला रात्री साडेअकराच्या सुमारास. तोवर तो भाग मावळला होता. दृश्य प्रकाश चिलीतल्या दुर्बिणीने सुमारे अकरा तासांनी टिपला, क्ष-किरण नवव्या दिवशी दिसले, रेडिओ लहरी सोळाव्या. पुढे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही कमी वारंवारतेवर त्या दीप्तीचा मागोवा घेतला.

कोणी म्हणेल, परदेशी दुर्बिणी असताना आपण हा खटाटोप कशाला करावा? पण रात्र उसनी मिळत नाही. चिलीत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे अंधार असतो, आणि ही दीप्ती साधारणपणे दसपट वेळ उलटला की दसपट मंदावते. औंढ्याची वेधशाळा जागा अधिक नेमकी सांगेल, पण त्या जागेकडे बघणारा डोळा याच रेखांशांच्या आसपास हवा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या, शेतीच्या विवंचनेत असलेल्या वाशीमला याचा काय उपयोग? दुर्बिणीने विहिरीला पाणी येणार नाही, हे खरेच. सिंचनाचा पैसा सिंचनालाच मिळाला पाहिजे. पण इथे मागणी मोठ्या रकमेची नाही. लडाखमधल्या हान्ले येथील ग्रोथ-इंडिया दुर्बिणीचा आरसा अवघा सत्तर सेंटिमीटरचा आहे, तरी ती स्फोटांचा मागोवा घेते. स्फोटांच्या सूचना जगभर विनामूल्य मिळतात. वाशीम-हिंगोलीच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना त्या वाचायला आणि प्रतिमांचे विश्लेषण करायला शिकवणे ही शिक्षणाची बाब आहे, चैनीची नव्हे. वेधशाळा दाराशी येत असताना इथल्या तरुणांच्या वाट्याला केवळ तिच्या कुंपणाबाहेरची कामे आली, तर तो अन्याय ठरेल.

मध्यरेखा ही ग्रहगणितासाठी होती: गावोगावच्या वेळांतला फरक तिच्यापासून मोजला जाई. आजही प्रश्न वेळेचाच आहे. पुढचा स्फोट आपल्या रात्री होईल, तेव्हा या रेषेवर कोणीतरी जागे असले पाहिजे.