रॉयल्टीमुक्त संगीत : मुक्त कोण झाले?

शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा धरणांचे पाणी मुंबईची तहान भागविते आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जेथून घ्यावयाचे तेथील माणसाचा हिशेब ठेवावयाचा नाही, हा न्याय आता संगीतालाही लागू होऊ पाहत आहे. संगणक, कळफलक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर वाशिंदच्या तरुणालाही आज इलेक्ट्रॉनिक संगीत रचता येते. त्यासाठी लोकल पकडून मुंबईच्या स्टुडिओची पायरी चढावी लागत नाही. या सोयीचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न आहे तो पुढचा. हे संगीत विकले कोणत्या अटींवर जाते?

जाहिराती, माहितीपट आणि चित्रफिती यांसाठी तयार संगीताचे साठे आज जगभर उपलब्ध आहेत. ही कल्पना नवी नव्हे. लंडनच्या डी वुल्फ या संस्थेने 1909 मध्येच असा व्यवसाय आरंभिला होता. आजचे साठे मात्र ‘रॉयल्टीमुक्त’ म्हणवितात. याचा अर्थ फुकट असा नाही. ग्राहकाने एकदा शुल्क भरले की प्रत्येक वापरासाठी त्याला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. छोट्या चित्रपटकाराला किंवा शाळेला ही व्यवस्था सोयीची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ग्राहक मुक्त झाला म्हणून साठ्याचा मालकही रचनाकाराच्या देण्यातून मुक्त व्हावा, हे कोणते तर्कशास्त्र? एकच धून मालक शेकडो ग्राहकांना विकू शकतो. रचनाकाराने मात्र ती एकदाच, ठोक रकमेस विकलेली असते.

संगीताचे खरे मोल विक्रीच्या दिवशी ठरत नाही, हे मुंबईच्याच एका उदाहरणावरून दिसते. वादक चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये सिंथेसायझर आणि तालयंत्र यांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधून एक ध्वनिमुद्रिका केली. ती त्या वेळी फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. 2010 मध्ये एका डच संस्थेने ती पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जाणकार चकित झाले आणि सत्तरी ओलांडलेल्या या कलावंताला युरोपातून निमंत्रणे आली. जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून, म्हणजे ‘रीमास्टर’ करून, ते पुन्हा बाजारात आणणे आता सुलभ झाले आहे. अठ्ठावीस वर्षांनंतरची किंमत पहिल्या दिवशीच्या ठोक रकमेत कोणता हिशेबनीस धरू शकेल?

आपला कायदा याबाबत आंधळा नाही. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी मोबदला देऊन करविलेल्या संगीताचा प्रथम मालक निर्माता ठरविला होता. गीतकार-संगीतकारांना न्याय मिळण्यास पुढे पस्तीस वर्षे लागली. 2012 च्या दुरुस्तीनुसार ध्वनिमुद्रणातील संगीताच्या रचनाकाराला रॉयल्टीतील आपला समान वाटा सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांना किंवा वसुली करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. त्याविरुद्ध केलेला करार निरर्थक ठरतो. पण हे संरक्षण वापरावयाचे कोणी? इंग्रजीतील लांबलचक करार न वाचताच ‘मान्य आहे’ अशी खूण करणारा नवखा रचनाकार हक्क सोडल्याचेही जाणत नाही. करारात परक्या देशाचा कायदा लागू केला असेल, तर दाद मागणे त्याच्या आवाक्याबाहेरच जाते.

यास्तव तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. भारतातील रचनाकाराशी केलेल्या अशा कराराला भारतीय कायदाच लागू राहील, हे शासनाने निःसंदिग्ध करावे. कराराचा गोषवारा मराठीत देणे बंधनकारक व्हावे. आणि 1969 पासून कार्यरत असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीने सभासद मिळविण्यासाठी मुंबईबाहेर, कसाऱ्यापर्यंत तरी यावे.

रोख रकमेची निकड असलेला तरुण ठोक व्यवहार करणारच, त्यास दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो त्याच्या निकडीलाच कायमची संमती समजणाऱ्या व्यवस्थेचा. धरणाशेजारच्या गावांना पाण्याचा वाटा मागण्यास फार उशीर झाला. सुरांच्या बाबतीत तरी तो होऊ नये.